विंडोज ठेवून शेजारी लिनक्स कसं बसवायचं

मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद केला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-चिप लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे 2016 मध्ये घेतलेला, आजही धडधाकट असलेला आय5 लॅपटॉप अधिकृतपणे विंडोज 10 वरच अडकला. तो भंगारात काढायची गरज नाही, लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तो आणखी काही वर्षं सहज चालेल. पण विंडोज सरसकट पुसून टाकणंही अनेकांना परवडत नाही. टॅली आहे, टेंडर भरायला लागणारा डिजिटल सहीचा टोकन आहे, जुन्या फॉन्टमधल्या लग्नपत्रिका कोरलड्रॉमध्ये पडून आहेत. मग दोन्ही सिस्टिम ठेवायच्या: इंटरनेट, बँक, मेल लिनक्सवर आणि अडलेली कामं विंडोजवर. मशीन चालू करताना कुठे जायचं ते निवडायचं. यालाच ड्युअल बूट म्हणतात.

यात दोन्ही सिस्टिम एकदम चालत नाहीत. एका वेळी एकच, दुसरीकडे जायचं तर रीस्टार्ट. हे जाचक वाटणार असेल तर आधीच थांबा. कॉलेजच्या प्रॅक्टिकलपुरतं टर्मिनल, जीसीसी आणि पायथन हवं असेल तर विंडोजच्याच आत लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल पुरतं. लिनक्स नुसतं चाखून बघायचं असेल तर विंडोजच्या खिडकीत दुसरी सिस्टिम चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवा, डिस्कला धक्काही लागत नाही. लिनक्सला मशीनची सगळी ताकद द्यायची असेल, किंवा 4 जीबी रॅमवर दोघींचा भार एकदम पेलत नसेल, तेव्हाच ड्युअल बूटचा खटाटोप करावा.

एका वाड्यात दोन बिऱ्हाडं राहतात तसं हे आहे. खोल्या वेगळ्या, पण दिंडी दरवाजा एकच, अंगण एकच आणि भिंतीवरचं घड्याळही एकच. दरवाजा म्हणजे ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फायली असलेला डिस्कचा छोटा तुकडा) आणि बूटचा क्रम, अंगण म्हणजे डिस्क, आणि घड्याळ म्हणजे मदरबोर्डवरचं घड्याळ. शेजारी कोण राहतं याची विंडोजला दखलच नसते, लिनक्सला थोडीफार असते. ड्युअल बूटमध्ये जे काही बिघडतं ते जवळपास सगळं या तीन सामायिक गोष्टींत बिघडतं. इन्स्टॉल करणं हा अर्ध्या तासाचा मामला आहे. खरं काम त्याच्या आधी असतं.

पुढचा तपशील लिनक्सचे दोन प्रकार, उबुंटू 24.04 आणि लिनक्स मिंट 22, धरून आहे. 4 जीबी रॅम असेल तर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, 8 जीबी असेल तर दोन्हींपैकी काहीही. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं वापरायची आणि स्पेस, डॅश, तिरकी रेघ जिथल्या तिथे ठेवायची.

आधी मशीन ओळखा

विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून एमएसइन्फो32 टाइप करा. उघडलेल्या यादीत 'बायोस मोड' अशी ओळ दिसेल. बायोस म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी जागा होणारा मूळ प्रोग्रॅम. त्या ओळीपुढे यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) असेल तर पुढच्या भागाकडे जा. विंडोज 8 च्या काळापासून आलेली बहुतेक मशीन यूईएफआयचीच आहेत.

'लेगसी' दिसलं तर डिस्कची आखणी एमबीआर पद्धतीची आहे आणि तिच्यावर चारपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन होत नाहीत. जुन्या लॅपटॉपवर कंपनीनेच चारही भरून दिलेली असतात: सिस्टिम, सी, डी, रिकव्हरी. मग पाचवं बनवायला गेलात की विंडोज 'डायनॅमिक डिस्क' करू का असं विचारतं. तिथे नाही म्हणा, कारण डायनॅमिक झालेल्या डिस्कवर लिनक्सचा इन्स्टॉलर चाचपडतो. त्यापेक्षा विंडोज 10 मध्येच असलेलं एमबीआर2जीपीटी हे साधन वापरा, ते डेटा न पुसता डिस्क नव्या, जीपीटी पद्धतीची करतं. त्याला प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त तीन लागतात, म्हणून डीमधला माल बाहेर हलवून डी काढून टाकावं लागतं. आधी /व्हॅलिडेट लावून चाचणी घ्या, ती पास झाली तरच /कन्व्हर्ट. विंडोज चालू असतानाच करत असाल तर दोन्ही वेळा /अलाऊफुलओएस जोडावं लागतं. रूपांतर झाल्यावर बायोसमध्ये जाऊन बूट मोड लेगसीवरून यूईएफआय केला नाही तर विंडोज उघडणार नाही. आणि मशीनच इतकं जुनं असेल की बायोसमध्ये यूईएफआयचा पर्यायच नाही, तर या फंदात पडू नका, आहे त्या एमबीआरवर जागा काढा.

विंडोजमध्ये बसून करायची तयारी

बॅकअप घ्या हे सगळेच सांगतात, पण तो कुठे घ्यायचा ते कोणी सांगत नाही. डी ड्राइव्ह त्याच डिस्कवर असेल तर तिथे घेतलेला बॅकअप कामाचा नाही. बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या. चार्जर लावलेला असू द्या, डेस्कटॉप असेल तर यूपीएस तपासून घ्या. पार्टिशन लहान होत असताना वीज गेली तर फायली अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे राहतात.

मग एन्क्रिप्शन. विंडोज 11 असलेल्या लॅपटॉपवर तुम्ही काही न करताही डिस्क कुलूपबंद असू शकते. 24एच2 आवृत्ती नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की हे आपोआप सुरू होतं. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा. प्रो आवृत्तीत बिटलॉकर नावाने कंट्रोल पॅनलमध्येही सापडेल. त्याची 48 अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यावर जमा असते. ती उघडून कागदावर उतरवून घ्या आणि अंक दोनदा ताडून बघा. इथे एक गोम आहे. विकत घेताना दुकानदाराने स्वतःचाच ईमेल टाकून लॅपटॉप सुरू करून दिला असेल तर की त्याच्या खात्यावर आहे, तुमच्या नव्हे. बायोसमध्ये एखादी गोष्ट बदलली आणि विंडोजने ती की मागितली, की मग धावाधाव होते. की हाती आल्यावर एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण उलगडेपर्यंत थांबा. कुलूप दिसलं की कित्येक इन्स्टॉलर पुढे जायलाच नकार देतात.

पुढचा अडसर फास्ट स्टार्टअपचा. विंडोज 8 पासून 'शट डाउन' म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. आपला गाभा डिस्कवर एका फायलीत उतरवून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उठतं. त्यामुळे सी ड्राइव्ह 'अजून वापरात आहे' अशा अवस्थेत राहतो. लिनक्समधून तो उघडला तर फक्त वाचता येतो, फाइल ठेवता येत नाही. जबरदस्तीने लिहायला लावलंत तर विंडोज उठल्यावर त्याची जुनी आठवण आणि डिस्कवरची नवी परिस्थिती जुळत नाही, आणि फायली खराब होतात. काही मशीनवर वायफायचं कार्डही अर्धवट झोपेत राहतं आणि लिनक्सला सापडत नाही.

हे बंद करायला कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' असं जा. तिथली फास्ट स्टार्टअपची टिक फिकट दिसते आणि हलत नाही, म्हणून लोक परत फिरतात. वरच्या बाजूला 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' अशी निळी ओळ असते, तिच्यावर आधी क्लिक करायचं असतं. त्याहून रोखठोक उपाय म्हणजे अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी /एच ऑफ. हायबरनेशनच बंद, त्याबरोबर फास्ट स्टार्टअपही, आणि सीवरचे काही जीबी मोकळे.

आता जागा. 512 जीबीची एसएसडी विंडोजला 476 जीबी दिसते. कोणी फसवलेलं नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने. उबुंटूची किमान मागणी 25 जीबीची आहे, पण तेवढ्यात सहा महिन्यांत गुदमरायला होतं. नुसत्या ब्राउझर-ऑफिससाठी 60 जीबी, प्रोग्रॅमिंग करणार असाल तर 80 ते 100 काढा. सीमध्ये मात्र 40 जीबी तरी मोकळे राहू द्या, नाहीतर विंडोजच्या मोठ्या अपडेटला जागा पुरत नाही.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, सी वर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. आकडा एमबीत टाकायचा असतो: 60 जीबीसाठी 61440, 80 साठी 81920, 100 साठी 102400. बऱ्याचदा सीमध्ये 200 जीबी रिकामे असूनही विंडोज म्हणतं, 9 जीबीच देता येतील. असं होतं कारण पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोर पॉइंट यांना ते जागेवरून हलवू शकत नाही आणि यातली एखादी नेमकी ड्राइव्हच्या मधोमध ठाण मांडून बसलेली असते. हायबरनेशन वर बंद केलंच आहे. आता सिस्टिम प्रोटेक्शन आणि पेजफाइलही तात्पुरती बंद करा, रीस्टार्ट करा, पुन्हा श्रिंक करून बघा. बहुतेक वेळा आकडा फुगतो. काम झालं की दोन्ही पुन्हा चालू करायला विसरू नका.

मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' म्हणून दिसेल. ती तशीच सोडा. तिला 'न्यू सिम्पल व्हॉल्यूम' करून ई ड्राइव्ह असं नाव देऊन ठेवायचा मोह होतो, आणि मग इन्स्टॉलरला मोकळी जागा सापडतच नाही.

पेनड्राइव्ह

8 जीबीचा पुरतो. उबुंटूची आयएसओ फाइल साधारण 6 जीबीची, मिंटची त्याच्या निम्मी. रोजच्या दीड जीबी डेटावर असाल तर मिंट घ्या, वादच नको. फाइल पूर्ण आणि बिनचूक उतरली का हे तिच्या 'चेकसम' आकड्यावरून तपासायला विंडोजमध्येच सर्टयूटिल -हॅशफाइल, मग फाइलचं नाव, मग एसएचए256 अशी कमांड आहे. आलेला आकडा डाउनलोडच्या पानावरच्या आकड्याशी जुळला पाहिजे. अर्धवट उतरलेल्या फाइलीमुळे इन्स्टॉल साठ-सत्तर टक्क्यांवर अडकतं आणि माणूस उगाच डिस्कला दोष देत बसतो. फाइल नुसती कॉपी करून पेनड्राइव्ह बूट होत नाही. त्यासाठी रूफस हा प्रोग्रॅम वापरा, पार्टिशन स्कीम जीपीटी, टार्गेट यूईएफआय. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं जाईल.

बूट मेनूपासून इन्स्टॉलरपर्यंत

मशीन चालू होताना टिचक्या मारत राहायचं बटण कंपनीगणिक वेगळं: डेल आणि लेनोवोला एफ12, एचपीला एस्केप आणि मग एफ9, असुसच्या लॅपटॉपला एस्केप, एमएसआयला एफ11. एसरलाही एफ12, पण बायोसमध्ये जाऊन 'एफ12 बूट मेनू' आधी चालू करावा लागू शकतो.

यादीत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर चक्रावू नका. एका नोंदीच्या आधी यूईएफआय लिहिलेलं असतं, दुसरीच्या नाही. विंडोज यूईएफआय पद्धतीने बसलेलं असताना दुसरी नोंद निवडलीत, तर लिनक्स जुन्या पद्धतीने बसेल आणि दोघींचा एकत्र मेनू कधीच होणार नाही. यूईएफआयवालीच निवडा.

सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेले प्रोग्रॅम सुरुवातीलाच अडवणारी बायोसमधली सोय, बंद करा असं जुने लेख सांगतात. उबुंटू, मिंट, फेडोरा यांना आता त्याची गरज नसते, कारण सिस्टिम सुरू करून देणाऱ्या त्यांच्या बूट लोडरच्या आधी मायक्रोसॉफ्टची सही असलेला 'शिम' नावाचा छोटा प्रोग्रॅम पुढे उभा असतो. चालू आहे तर चालू राहू द्या.

'ट्राय' निवडून आधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघा. वायफाय, आवाज, ब्राइटनेसची बटणं, टचपॅड. वायफाय दिसलं नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा, बहुतेक वेळा लगेच नेट मिळतं आणि वायफायचा ड्रायव्हर त्यावरून उतरवता येतो.

इथे अनेक लॅपटॉपवर दचकवणारी गोष्ट घडते: इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. यादीत फक्त पेनड्राइव्ह. याचं कारण बहुतेक वेळा इंटेल आरएसटी असतं. बायोसमध्ये डिस्कचा मोड 'रेड' किंवा 'आरएसटी' ठेवलेला असतो आणि त्या पडद्यामागची एसएसडी लिनक्सला दिसत नाही. मोड 'एएचसीआय' करायचा, पण थेट बदललात तर विंडोज निळा पडदा दाखवून 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणेल, कारण त्याने एएचसीआयचा ड्रायव्हर सुरुवातीलाच उचलायची तयारी केलेली नसते. म्हणून क्रम सांभाळा. विंडोजमध्ये एमएसकॉन्फिग उघडून बूट टॅबवर 'सेफ बूट' टिक करा. रीस्टार्ट करून सरळ बायोसमध्ये जा, मोड एएचसीआय करा, सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि ड्रायव्हर स्वतःहून लावून घेईल. मग टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागतो, तो आधीच आठवून ठेवा.

पार्टिशनचा पडदा

'इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज' हा पर्याय दिसला आणि डिस्क एकच असेल तर तोच घ्या, मोकळी जागा तो आपण शोधतो. 'इरेज डिस्क' म्हणजे सगळंच पुसणं, विंडोजसकट. हे सांगायची गरज नसावी, पण डेटा गेल्याच्या तक्रारींत हे बटण पुन्हा पुन्हा भेटतं.

तरी हाताने आखणी कशी दिसते हे एकदा नजरेखालून घातलेलं बरं. उबुंटूत 'मॅन्युअल', मिंटमध्ये 'समथिंग एल्स'. समोर अशी यादी येते: 100 एमबीचं एक फॅट32 पार्टिशन, 16 एमबीचं एक निनावी, मग सीचं भलंमोठं एनटीएफएस, मग 'फ्री स्पेस', आणि शेवटी काहीशे एमबीचं आणखी एक एनटीएफएस, ते विंडोजचं रिकव्हरी. विंडोजमध्ये 81920 टाकून काढलेली जागा इथे 85899 एमबी दिसेल. तेच मगाचं हजार आणि 1024 चं प्रकरण, जागा वाढलेली नाही. उलट ही खूणगाठ चांगली: हा आकडा दिसला म्हणजे आपण बरोबर ओळीवर आहोत.

फ्री स्पेस निवडून अधिकचं चिन्ह दाबा. प्रकार ईएक्सटी4, माउंट पॉइंट नुसती तिरकी रेघ. सगळी जागा तिलाच द्या. होमसाठी, म्हणजे तुमच्या फायलींसाठी, वेगळं पार्टिशन करायचा सल्ला मिळेल, पण 80 जीबीत ते कशाला? एकीकडे 30 जीबी रिकामे आणि दुसरीकडे जागा संपली, असं होऊन बसतं. स्वॅपचंही (रॅम कमी पडली की वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन लागत नाही, उबुंटू आणि मिंट स्वॅपची फाइल करतात.

ते 100 एमबीचं फॅट32 म्हणजे आपला दिंडी दरवाजा. ते 'ईएफआय सिस्टिम पार्टिशन' म्हणून वापरायचं, माउंट पॉइंट /बूट/ईएफआय, आणि फॉरमॅटच्या चौकटीत टिक नको. ही टिक पडली तर लिनक्स झकास बसेल, पण विंडोजचा बूट लोडर पुसला जाईल. विंडोज डिस्कवर असेल, आत जायला वाट नसेल. 100 एमबी उबुंटू-मिंटला भरपूर होतात, त्यांना यातले जेमतेम दहाएक एमबी लागतात. पॉप ओएस हा लिनक्सचा आणखी एक प्रकार मात्र आपला कर्नल, म्हणजे गाभाच, या पार्टिशनमध्ये ठेवतो, त्याला 100 पुरत नाहीत.

बूट लोडर कुठे ठेवायचा असं विचारलं तर ज्या डिस्कवर विंडोज आहे तीच सांगा. एनव्हीएमई एसएसडीचं नाव एनव्हीएमईने सुरू होतं. अशा मशीनवर एसडीए दिसलं तर तो बहुधा तुमचा पेनड्राइव्हच. डेस्कटॉपमध्ये दोन वेगळ्या डिस्क असतील तर सगळ्यात निर्धोक मार्ग: विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा, दुसरीवर लिनक्स बसवा, केबल पुन्हा लावा. दोघींना आपापला दरवाजा मिळतो.

पहिल्या दिवशी

रीस्टार्ट झाल्यावर ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूट लोडरचा, मेनू येईल आणि साधारण दहा सेकंद थांबेल. विंडोज त्यात नसेल तर घाबरू नका. 2021 च्या ग्रब 2.06 पासून शेजारच्या सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मूळ ग्रबमध्ये बंद असतो. /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब या फायलीत ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स ही ओळ घाला आणि सुडो अपडेट-ग्रब चालवा. ग्रबच्या सेटिंगची नावं कॅपिटलमध्ये, फॉल्स आणि पुढे येणारी मूल्यं लहान अक्षरांत.

त्याच फायलीत आणखी दोन ओळी घालाव्या असं आमचं मत: ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड आणि ग्रब_सेव्हडीफॉल्ट=ट्रू. मग मागच्या वेळी जे निवडलं तेच पुढच्या वेळी आपोआप उघडतं. याचा फायदा विंडोजच्या अपडेटला होतो. अपडेट मधेच दोन-तीनदा रीस्टार्ट घेतं आणि तुम्ही चहाला गेलेले असता. या ओळी नसतील तर ग्रब दहा सेकंद वाट बघून लिनक्समध्ये शिरतो, अपडेट अर्धवट लटकतं.

आता घड्याळ. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं. भारतात फरक साडेपाच तासांचा. सकाळी 10 वाजता लिनक्समधून विंडोजमध्ये आलात की तिथे पहाटेचे 4:30. तेवढ्यावर बँकेची साइट सर्टिफिकेटची तक्रार करते, आणि लोक अँटीव्हायरस तपासत बसतात. उपाय लिनक्समध्ये एका ओळीचा: टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1. यावर सिस्टिम इशारा देते, कारण घड्याळं वर्षातून दोनदा मागेपुढे करणाऱ्या देशांत यामुळे घोळ होतो. आपल्याकडे ती भानगड नाही. लंडन किंवा न्यू जर्सीत बसून हे वाचत असाल तर उलट करा, विंडोजलाच जागतिक वेळ शिकवा: रजिस्ट्रीत एचकेएलएम, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, टाइमझोनइन्फर्मेशन इथे रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाचं डीवर्ड बनवून किंमत 1.

ब्लूटूथ हेडफोन प्रत्येक वेळी नव्याने जोडावे लागतील. लॅपटॉपचा पत्ता दोन्हीकडे एकच, पण जोडणीची गुप्त की प्रत्येक सिस्टिमची वेगळी, आणि हेडफोन शेवटचीच लक्षात ठेवतो. सतत ये-जा असेल तर साडेतीन एमएमची वायर बरी.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकताना पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळा पडदा येतो: 'परफॉर्म मॉक मॅनेजमेंट'. लोक घाबरून 'कंटिन्यू बूट' दाबतात आणि ड्रायव्हर लागत नाही. 'एनरोल मॉक' निवडा आणि तोच पासवर्ड द्या. सिक्युअर बूटला हा ड्रायव्हर ओळखीचा करून देणं एवढंच ते असतं.

काही महिन्यांनी मेनू गायब झाला तर

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मशीन थेट विंडोजमध्येच जाऊ लागतं. लिनक्स पुसलं गेलेलं नसतं, फक्त बूटच्या क्रमात विंडोज बूट मॅनेजर वर सरकलेला असतो. बायोसमध्ये उबुंटूची नोंद पुन्हा वर न्या. मिंटची नोंदही उबुंटू याच नावाने दिसते, त्यामुळे गोंधळू नका. नोंदच नसेल तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून चालू करा, मेनूत बूट रिपेअर असतं, त्याचा पहिला सुचवलेला पर्याय पुरतो. म्हणून तो पेनड्राइव्ह इन्स्टॉलनंतर लगेच गाण्यांसाठी वापरू नका.

एक अडचण मात्र क्रम बदलून सुटत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-अपडेटने जुने बूट लोडर नाकारणारी यादी फर्मवेअरमध्ये (म्हणजे बायोसच्या पातळीवर) लिहिली. ड्युअल बूट मशीनवर ती लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने म्हटलं होतं, तरी अनेक ठिकाणी लागली, आणि लिनक्स उघडताना 'व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड' एवढं दाखवून मशीन बंद पडू लागलं. असा संदेश दिसला तर सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्समध्ये जाऊन सगळे अपडेट घ्या म्हणजे शिम नवा होईल, मग सिक्युअर बूट चालू करा. लिनक्स महिनोन्महिने न उघडणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो, कारण त्यांचा शिम जुनाच राहतो.

सगळं स्थिरावल्यावर विंडोजचं एन्क्रिप्शन पुन्हा चालू करायला हरकत नाही, लॅपटॉप बाहेर नेत असाल तर कराच. त्यानंतर ग्रबमधून विंडोज उघडताना रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, कारण टीपीएमला वेगळ्या वाटेने आलेला पाहुणा खटकतो. तेव्हा विंडोज एफ12 च्या मेनूतून थेट उघडा.

लिनक्स काढायचं झालं तर

उलट क्रमाने जा. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिला करा आणि विंडोज नीट उघडतंय हे बघा. मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट करा. आधीच डिलीट केलंत तर पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर नुसतं ग्रब अशी ओळ लुकलुकत राहते. तेव्हाही एफ12 दाबून विंडोज निवडता येतं. मोकळी जागा सीला जोडायला 'एक्सटेंड व्हॉल्यूम', पण ती सीच्या लगेच उजवीकडे असेल तरच हा पर्याय जिवंत असतो. राहिली ईएफआय पार्टिशनमधली उबुंटूची पिशवी. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये माउंटव्हॉल एस: /एस दिलं की ते पार्टिशन एस म्हणून उघडतं. त्यात ईएफआय फोल्डरमधलं फक्त उबुंटू नावाचं फोल्डर काढा. शेजारच्या मायक्रोसॉफ्ट आणि बूट या फोल्डरांना हात लावू नका.